एका तोंडाची वाटी

"आजपासून ही वाटी एकाच तोंडाची. यात दुसऱ्या कुणाचा हात पडला, तर माझ्याशी गाठ आहे!"

असं मला बजावून सांगितलं होतं, मित्रांनो. मी ते हसण्यावारी नेलं.

मी एक जुनी तुंब्याची वाटी आहे. इकडे आम्हाला तुतुमा म्हणतात. उभ्या आयुष्यात मी एका तोंडाची कधीच नव्हते. मग कुणा नर्सबाईने सांगितलं म्हणून आता कशी होणार, असं मला वाटलं. माझ्या मालकिणीलाही तसंच वाटलं. ती शिकलेली होती, सावध होती, मुलीच्या साध्या शिंकेने दचकणारी होती. तरीही.

माझा जन्म या दरीतला नाही. डोंगर उतरून खूप खाली गेलं की गरम, दमट मुलूख लागतो. तिथल्या एका झाडाच्या फांदीला चिकटून मी वाढले. फळ टणक झाल्यावर एका म्हाताऱ्याने मला उतरवलं, करवतीने मधोमध कापलं, गर खरवडून काढला आणि आतून वाळूने घासून घासून गुळगुळीत केलं. एका फळाच्या दोन वाट्या झाल्या. दुसरी माझी जुळी बहीण. केळीच्या घडांमध्ये बसून आम्ही दोघी ट्रकने इथे वर आलो. बाजारात झेनाइदाने आम्हाला नखाने टकटक वाजवून पाहिलं, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाली, "या दोघी द्या. एक घेऊन दुसरीला रडवायचं नाही मला."

झेनाइदाचं घर टोलापाम्पा गावाच्या वळणावर आहे. मक्याला मोड आणायचे, तो दळायचा, मोठ्या रांजणांत दोन दिवस शिजवायचा, मग आंबवायचा, की छिचा तयार होते. तयार झाली की झेनाइदा लांब काठीला पांढरं फडकं बांधून दारात उभं करायची. तो झेंडा दिसला की वाटेने जाणारा माणूस आत वळायचा.

तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. देणारीने आधी स्वतः घोट घ्यायचा, चार थेंब धरणीमातेला शिंपडायचे, मग वाटी पुढच्याच्या हातात. त्याने प्यायची आणि त्याच्या पुढच्याला द्यायची. नको म्हणायचं नाही. इथे नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. किती जणांचे ओठ मला लागले, सांगता येणार नाही. भांडून आलेले दोन भाऊ माझ्यातून पिऊन एकत्र घरी गेलेले मी पाहिले आहेत. "ही वाटी ओठाला बोचत नाही," असं लोक म्हणायचे, आणि मी फुगून जायचे.

मग एकदा मी दगडावर पडले आणि मला तडा गेला. झेनाइदाने तांब्याच्या बारीक तारेने मला टाके घातले. दिसायला बरी दिसू लागले, पण गळायची. गळक्या वाटीला छिचाच्या घरात कोण विचारतो? मला आढ्याच्या खाली उपडी ठेवली. तिथे धूर आणि धूळ खात मी तीन वर्षं पडून होते. खालून बहिणीचा आवाज ऐकू यायचा. तिला रोज हातोहात फिरवत असत.

मला खाली उतरवलं ते इल्यारीच्या पहिल्या केसकापणीला.

इल्यारी ही डेलमिराची मुलगी. डेलमिरा ओढ्याच्या पलीकडे राहते, गावच्या शाळेत शिकवते. शहरातल्या कॉलेजात शिकून या गावात लग्न होऊन आली. नवरा वर्षातले आठ महिने खालच्या मुलखात ऊसतोडीला. इल्यारी पोटात असताना तपासणीत कळलं, की डेलमिराच्या रक्तात चागास आहे. इथल्या मातीच्या विटांच्या भेगांत विंचुका नावाचे किडे राहतात. ढेकणाच्या जातीचे, पण बोटाच्या पेराएवढे मोठे. त्यांच्यामुळे रक्तात एक जंतू शिरतो आणि बसून राहतो. दहा वर्षं, वीस वर्षं काही कळत नाही. मग कुणाकुणाचं हृदय हळूहळू सुजत जातं. आईकडून तो पोटातल्या बाळाकडेही जातो. इल्यारीकडे गेला होता. पण बाळ लहान असतानाच दोन महिने औषध दिलं, आणि तिचं रक्त स्वच्छ झालं. ते दोन महिने डेलमिरा म्हणे बाळाच्या छातीवर हात ठेवूनच बसायची.

इल्यारी दोन वर्षांची झाल्यावर केस कापायचे ठरले. पहिली बट कापायचा मान झेनाइदाला. ती मला पुसूनपासून घेऊन आली. कुणीतरी चिडवलं, "ही गळकी कशाला आणलीस?" झेनाइदा म्हणाली, "छिचा गळते रे, केस थोडेच गळतात!" सगळे हसले. बट माझ्यात पडली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या. लेकराच्या केसांनी बांधलेलं हे नातं इथे सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं मानतात. मी डेलमिराकडे राहिले, जुळी बहीण झेनाइदाकडे.

इल्यारीचं दूध तुटल्यावर डेलमिराच्या स्वतःच्या औषधाची पाळी आली. आधी तिचं रक्त तपासलं, पोटात बाळ नाही याची खात्री केली, आणि मग आरोग्य केंद्रातल्या सबीनाबाई मोटारसायकलवरून घरी आल्या. बुटक्या, डोक्यावर मोठी टोपी, आवाज असा की कोंबड्या पळाव्यात.

"या गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या. रिकाम्या पोटी नाही. सकाळी दीड, संध्याकाळी दीड, साठ दिवस. छिचाचा थेंब नाही."

"थेंबही नाही?" डेलमिराने लिहिता लिहिता विचारलं. "कोमाद्रे मला उंबऱ्यावरून हाकलून देईल."

"देऊ दे. दुपारच्या उन्हात हिंडायचं नाही. या दोन महिन्यांत दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि नीट ऐक. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, पायांना मुंग्या, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मला सांगायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

"पुरळ किती आलं तर सांगायचं, बाई?"

"मोजत कसली बसतेस गं! एक दिसलं तरी सांग."

डेलमिराने दोन आठवड्यांच्या गोळ्या माझ्यात ओतल्या. इल्यारीची बट तिने आधीच उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. सबीनाबाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि ते सुरुवातीचं वाक्य म्हटलं. "या गोळ्या तुझं वजन आणि तुझं रक्त बघून दिल्यात. तुझ्या जिवाला मानवल्या म्हणून दुसऱ्याच्या जिवाला मानवतील असं नाही."

"इथे वाटी कधी एकाची असते का, बाई?" डेलमिरा हसून म्हणाली. मीही मनात हसले. सबीनाबाई हसल्या नाहीत.

डेलमिराने कागदावर साठ चौकोन आखले. प्रत्येकाला तिरकी रेघ, वर सकाळ, खाली संध्याकाळ. गोळी गेली की पेन्सिलने खूण. पाच दिवस सुरळीत गेले. आणि मला पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश होते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी झेनाइदा उकडलेला मका आणि चीज घेऊन आली.

"काय गं, मणी ओवायला घेतलेस की काय?" तिने माझ्यात डोकावून विचारलं.

"गोळ्या आहेत. चागासच्या."

झेनाइदाचं हसू मावळलं. ती खाली बसली. तिचा थोरला भाऊ सातुर्निनो मक्याच्या शेतात उभ्याचा कोसळला होता, अडतिसाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, हृदय पावासारखं फुगलं होतं.

"त्याच भिंतींत मी वाढले," झेनाइदा म्हणाली. "एकाच चटईवर झोपायचो आम्ही. त्याला विंचुका चावल्या, त्या मला सोडतील होय? हल्ली चढ चढताना मला धाप लागते."

"मग उद्याच चल. रक्त द्यायचं, एवढंच तर आहे."

"आणि सबीनाच्या वहीत माझं नाव चढलं की? गाव म्हणेल, झेनाइदाच्या वाटीला तोंड लावू नका. मग मी झेंडा उतरवून काय माश्या मारू?"

"अगं, तो वाटीतून पसरत नाही."

"तुला ठाऊक आहे. गावाला कोण सांगणार? फळ्यावर लिहिणार आहेस?"

 झेनाइदाने एक दाणा सोलून इल्यारीच्या तोंडात घातला आणि हळूच म्हणाली, "माझ्या रांजणातलं पहिलं पातेलं तुझ्या घरी येतं. माझा मका फुटला की अर्धा तुझा. तुझं लेकरू तापलं तेव्हा सात दिवस मी हललेसुद्धा नाही इथून. आणि औषध तेवढं तू एकटी खाणार, कोमाद्रे?"

शिकलेल्या, सावध डेलमिराने मला तिच्यापुढे सरकवलं.  खरं सांगते मित्रांनो, मला तर अभिमान वाटला. इतक्या वर्षांनी पुन्हा मी एका हातातून दुसऱ्या हातात जाणार होते.

ठरलं असं की सकाळची दीड गोळी डेलमिराने घ्यायची, संध्याकाळची दीड झेनाइदाने. निदान दोघींना अर्धं अर्धं तरी लागू पडेल. कागदावर संध्याकाळची खूण डेलमिरा करतच राहिली. गोळी वाटीतून गेली होती ना! कुणाच्या तोंडात गेली, ते सांगायला कागदावर जागा नव्हती.

झेनाइदाचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. ती कधी जेवून यायची, कधी तशीच. आणि छिचाचा पहिला घोट देणारीचा असतो, तो ती कसा चुकवणार? घोट घेतला की तिचा चेहरा लाल व्हायचा, पोटात ढवळायचं. "चुलीची धग बाधली," असं ती म्हणायची.

तेराव्या दिवशी ती लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर घालून आली. पेरणीआधीचं कडक ऊन होतं. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला जीभ काढून पडली होती.

डेलमिराने तिच्याकडे बघितलं. "बाही वर कर."

"का? तू माझी आई आहेस?"

"कोमाद्रे आहे."

"मग कोमाद्रेसारखी वाग. पोलिसासारखी नको."

डेलमिराने तिचा हात धरून बाही सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत मक्याच्या दाण्यांएवढे लाल चट्टे होते. काही एकमेकांत मिसळले होते.

"आत्ता चल सबीनाबाईंकडे. आत्ता."

"परवा रांजण उघडायचाय. तो उघडते, झेंडा लावते, मग जाऊ."

"त्याच दिवशी सांगा म्हणाल्या होत्या त्या."

"ते तुला म्हणाल्या. माझं नाव आहे का कुठे?" झेनाइदाने बाही खाली ओढली. "आणि माझ्या मागे जाऊन सांगितलंस ना, तर ती केसांची बट परत दे मला. मग आपण दोन बायका, ओढ्याच्या दोन बाजूंना."

संध्याकाळची वेळ झाली तेव्हा डेलमिराने माझ्यावर तळहात ठेवला. घट्ट ठेवला. झेनाइदाने एकेक बोट उचलून तो बाजूला केला, जशी ती रुसलेल्या इल्यारीची मूठ उघडायची. आणि दीड गोळी घेऊन गेली.

चौदाव्या दिवशी सबीनाबाई आल्या. त्यांनी डेलमिराचे हात, पाय, घसा तपासला. चौकोनांचा कागद उजेडात धरला.

"एक खूण चुकलेली नाही! अशी माणसं औषध घ्यायला मिळाली तर माझं अर्धं काम हलकं होईल. काही त्रास?"

"मला नाही," डेलमिरा म्हणाली.

ती आणखी काहीतरी बोलणार होती. ओठ उघडलेही. मग तिने इल्यारीचं नाक पुसलं. सबीनाबाईंनी माझ्यात पुढच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या मोजून टाकल्या आणि मोटारसायकल सुरू केली. आयुष्यात मी पुष्कळ कौतुक ऐकलं, मित्रांनो. इतकं जड कौतुक कधी ऐकलं नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण मला नुसता काठ आहे.

त्या संध्याकाळी झेनाइदा आली नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी डेलमिरा दारात उभी राहून ओढ्यापलीकडे बघत होती. आज रांजण उघडायचा दिवस. झेंडा वर हवा होता. काठी उघडी उभी होती.

तिने इल्यारीला पाठीशी बांधलं, मला आणि कागदाला छातीशी धरलं आणि ओढ्यातून तशीच धावत गेली. गोळ्या माझ्यात खडखडत होत्या.

झेनाइदा मेंढीच्या कातड्यावर पडली होती. अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. ओठ सुजून फुटले होते, तोंडात फोड होते, गळ्याखालची कातडी सुटू लागली होती. शेजारी माझी जुळी बहीण पाण्याने भरून ठेवली होती. पाणी तसंच होतं. गिळता येत नव्हतं.

"दार लाव, कोमाद्रे," झेनाइदा पुटपुटली. "उजेड टोचतो."

डेलमिराने फोन केला. वीस मिनिटांत सबीनाबाई केंद्राची गाडी घेऊन आल्या. एकदा बघितलं आणि विचारलं, "काय घेतलंय हिने?"

"काही नाही," झेनाइदा म्हणाली. "ऊन लागलंय."

आता फक्त डेलमिराच बोलू शकत होती. नोकरी, गावातलं नाव, कोमाद्रेचं नातं, सगळं तिच्या डोळ्यांत येऊन गेलेलं मी पाहिलं. मग तिने मला पुढे केलं.

"यातल्या गोळ्या. मी दिल्या." तिने कागद उलगडला. तिचं बोट एकेका चौकोनावर नीट टेकत गेलं. "सहाव्या दिवसापासून. संध्याकाळच्या या खुणा माझ्या नाहीत, तिच्या आहेत. आठ वेळा. बारा गोळ्या. वर छिचा पण घेत होती."

सबीनाबाई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "तू तर शिकलेली ना गं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शहरातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, नेमकं कशामुळे झालं ते पहिल्या तासातच कळलं म्हणून पुढचं सगळं वेळेवर झालं. आणखी दोन दिवस उन्हाला दोष देत बसला असतात, तर बाई हाती लागली नसती. एकोणीस दिवस झेनाइदा शहरातल्या इस्पितळात होती. भाजलेल्या माणसाला ठेवतात तसं तिला ठेवलं होतं. डेलमिरा दर दोन दिवसांनी जायची, काचेबाहेर उभी राहायची. गावात लोक तिच्याशी कमी बोलू लागले. ती मान खाली घालून शाळेत जायची, यायची.

तिथेच झेनाइदाचं रक्त तपासलं. मग पुन्हा एकदा, वेगळ्या पद्धतीने.

रक्तात चागास नव्हता.

भावाला झाला, त्याच चटईवर झोपलेल्या बहिणीला झाला नव्हता. धाप लागायची ती रांजण उचलून उचलून. सबीनाबाईंनी हे सांगितलं तेव्हा डेलमिरा आधी हसली, आणि मग अंगणात मातीवरच बसली. 

झेनाइदा परत आली ती अर्धी होऊन. बोटांची नखं गळली होती, नवी येत होती. ती काठी टेकत ओढा ओलांडून आली. डेलमिरा दारात खिळून उभी राहिली.

"एवढं सोललं मला," झेनाइदा म्हणाली, "आणि रोगच नव्हता! सातुर्निनो वर बसून पोट धरून हसत असेल." मग तिने इल्यारीच्या डोक्यावरून हात फिरवला. "ती केसांची बट आहे ना अजून?"

"आहे."

"मग रडतेस कशाला? पाणी दे."

त्या आठवड्यात झेंडा वर गेला. आत येणाऱ्या प्रत्येकाला झेनाइदा स्वतःहून सांगते, "माझं रक्त दोनदा तपासलंय. तुझं एकदा तरी तपासलंय का? जा आधी. मग देते." गावातले अकरा जण असे जाऊन आले. तिच्या वाटीला तोंड लावायचं कुणी थांबवलं नाही.

डेलमिराच्या त्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्या मोजणीत धरल्या नाहीत. महिनाभर थांबून, पुन्हा रक्त तपासून, डॉक्टरांनी तिला पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला सांगितलं. नवा कागद, नवे साठ चौकोन. गोळ्या माझ्यातच. आता सकाळ-संध्याकाळ झेनाइदा येते. डेलमिरा जेवेपर्यंत समोर बसते. मग म्हणते, "बाही वर कर." हात बघते, पाठ बघते, तोंड उघडायला लावते. "पोलीस," असं डेलमिरा तिला म्हणते. मग गोळी.

आज बारावा दिवस आहे.

झेनाइदा काल डोळे दाखवायला शहरात गेली. परवा येईल. सबीनाबाईंची पाळीही परवाचीच. आज सकाळी डेलमिरा जेवली, तिने दीड गोळी घेतली, खूण केली. मग इल्यारीची वेणी घालताना तिचा हात दोनदा स्वतःच्या कोपराच्या खोबणीत गेला. तिने खिडकीपाशी जाऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं.

ती का लपवते आहे, मला कळतं. औषध पुन्हा थांबलं तर? पुढे कधीच दिलं नाही तर? हृदय सुजत गेलं, तर इल्यारीला कोण बघणार? सगळ्यांच्या शिंका मोजणारी ही बाई, स्वतःच्या पुरळाला घाबरून बसली आहे. बहुतेक साधंच असेल. अशा वेळी डॉक्टर कधी थांबवतात, कधी दुसरी गोळी जोडीला देऊन पुढे नेतात. पण ते त्यांनी ठरवायचं, आणि आजच. फोन टेबलावर आहे. तो तिने अजून उचललेला नाही. आणि मी बोलू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी गोळ्या घेत असेल. ती गोळी त्याच्याच नावाची आहे ना, जेवून घेतली ना, अंगावर काही उठलं नाही ना, हे विचारायला मोठं व्हावं लागत नाही. विचारा.

आणि तुमच्यापैकी कुणी या वाटेने जाणार असेल, तर ओढ्यापलीकडच्या घरात जरा डोकावा. निळं दार आहे. डेलमिरा म्हणेल, "काही नाही, मी बरी आहे." तेवढ्यावर परत फिरू नका. तिला म्हणा, झेनाइदाने विचारलंय.

तिला बाही वर करायला सांगा.